दगडावर काहीतरी उगवलंय

नवं मीठ घरात आलं की माझं मन थाऱ्यावर राहत नाही. लोक ऋतू ओळखतात ते मोहरावरून, थंडीवरून, नाहीतर पोरांच्या परीक्षांवरून. मी ओळखतो मिठावरून. माघ सरत आला की आमच्या डोंबिवलीच्या बाजारात खाडीकाठच्या मिठागरांवरचं पहिलं मीठ येतं. जुन्या मिठापेक्षा ते ओलसर असतं, किंचित करडं, आणि नाकाजवळ नेलं तर चिखलाचा मंद वास येतो. इंदू, माझी पत्नी, ते सुपात घेऊन ओसरीवर निवडत बसते. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून समोर बसतो. वाचत काहीच नाही. दरवर्षी हे असंच चालतं. मी वाचत नाही हे तिला ठाऊक असतं, आणि तिला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक असतं. पण त्यावर दोघांनीही बोलायचं नाही, असं कधी न ठरवता ठरून गेलं होतं.

दहा वर्षांपूर्वी आम्ही ठाण्याला राहत होतो, खाडीच्या अंगाला. स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं होतं. मी बाळकुमच्या वाटेवरच्या एका मिठागरावर देखरेखीचं काम करायचो. तिथलं काम पाऊस संपला की सुरू होतं. फुटलेले बांध चिखलानं लिंपायचे, मग खणांचा, म्हणजे मिठाच्या वाफ्यांचा, तळ पायांनी तुडवून घोटून काढायचा. आगरी बाया-बाप्ये एका ओळीत उभे राहून, हातात काठ्या धरून, एका तालात पाय मारत पुढे सरकायचे. त्या ओल्या थपथपीचा आवाज लांबवर यायचा. तळ असा गुळगुळीत व्हायचा, की त्यात आभाळ दिसावं. मग मोठ्या भरतीला बांधातल्या दाराची, उघाडीची, फळी उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं. ते पहिल्या खणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवायचं. ऊन आणि वारा पाणी पिऊन टाकतात, खार मागे राहतो. शेवटच्या खणात तोच पांढरा होऊन तळाशी बसतो. मीठ करणं म्हणजे दुसरं काही नाही, पाण्याला उडून जाऊ देणं. हे मी दिवसभर डोळ्यांनी बघत होतो आणि मला ते कळलंय, असं समजत होतो.

त्या वर्षी मार्गशीर्षात आम्हाला मुलगी झाली. ती बारशापर्यंत राहिली नाही.

बारशाला यायला माझी बहीण पुण्याहून निघणार होती. मुलीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिला तार करून येऊ नकोस म्हणून कळवलं. बारसं झालं नाही म्हणजे नाव नाही. नाव नाही म्हणजे बोलायचं तरी कुणाविषयी? वडीलधाऱ्यांनी सांगितलं, एवढ्याशा जिवाचे दिवस नसतात, श्राद्ध नसतं, आणि विषयही काढू नये, काढला की बाळंतिणीच्या जिवाला लागतं. मला ते ऐकून बरं वाटलं. खरं तेच लिहितो, सुटल्यासारखं वाटलं. काय बोलावं हे मला सुचतच नव्हतं, आणि आता तर न बोलणं हेच योग्य असं मोठी माणसं सांगत होती. मी पाळणा सोडवला, ज्यांचा होता त्यांच्याकडे नेऊन दिला आणि कामावर गेलो. बांधांची कामं निघाली होती. त्या दिवशी मी कुणावर तरी कारण नसताना ओरडलो, एवढं आठवतं.

इंदू बाळंतिणीच्या खोलीत पडून राहिली. ताप नव्हता, दुखणं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, भरून निघेल. ती जेवायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. पण तिनं आपणहून काही म्हटलं असं होत नव्हतं. दिवसाचा बहुतेक वेळ ती उताणी पडून वर बघायची. वर तुळईला पाळण्याची कडी तशीच होती.

हिच्या नजरेला दुसरं काहीतरी द्यावं, एवढंच माझ्या मनात होतं. वाण्याकडून मी गोळ्यांची एक मोठी काचेची बरणी मिळवली. झाकण फुटलं होतं म्हणून त्यानं ती टाकूनच दिली होती. उघाडीजवळ भरतीचं स्वच्छ पाणी धरून तिच्यात भरलं, कालवं चिकटलेला एक दगड आत ठेवला आणि वर दोन निवट्या सोडल्या. निवटी म्हणजे चिखलात राहणारी, डोळे वटारून बघणारी आणि पाण्यापेक्षा काठावर अधिक रमणारी मासळी. मुलांना ती फार आवडते. इंदूलाही आवडेल असं मला वाटलं. सकाळी एक निवटी आईच्या जेवायच्या पाटाखाली सापडली. आमच्या घरात मासळी शिजत नव्हती, उडत तर नव्हतीच. आई पाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "मिठागरावर नोकरी लागली तेव्हाच मी म्हटलं होतं, हा एक दिवस खाडी घरात आणणार." मी दोन्ही निवट्या खाडीत सोडून आलो. बरणीत दगड तेवढा उरला. तोही फेकणार होतो, आळसानं राहिला.

बरणी ज्या तिपाईवर ठेवली होती, ती तिपाई नेमकी त्या कडीखाली होती. हे मला फार उशिरा ध्यानात आलं. जागा रिकामी होती म्हणून ठेवली. ती रिकामी का होती, हा विचार मी केला नाही.

पौषातली एक संध्याकाळ. मी कामावरून येऊन पाय धूत होतो. आतून इंदूचा आवाज आला.

"अहो, दगडावर काहीतरी उगवलंय."

कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली होती. मी ओल्या पायांनीच आत गेलो. एका कालवाच्या शिंपल्याच्या कडेला मुगाएवढे दोन-तीन ठिपके दिसत होते. "थांबा जरा, हलू नका," ती म्हणाली. आम्ही दोघं श्वास धरून बघत राहिलो. हळूहळू एक ठिपका उंच झाला. गव्हाच्या दाण्याएवढा देठ, हिरवट काळपट, त्यावर उभ्या नारिंगी रेघा. मग टोकाला केसांसारखी बोटं गोल उलगडली. इतकी पारदर्शक, की आहेत म्हणावं तर नाहीत. मी वाकून बघायला गेलो, माझा गुडघा तिपाईला लागला, आणि ते सगळं क्षणात मिटून पुन्हा ठिपका झालं.

"बघा," ती म्हणाली, "घाबरवलंत."

त्यानंतर रोज संध्याकाळी मला बातमी मिळू लागली. उन्हाची तिरीप आली की मिटतात. खिडकी लोटून घेतली की उलगडतात. एक जागचं हललं, कालच्यापेक्षा बोटभर पलीकडे गेलं, पण जाताना कुणाला दिसलं नाही. ती हे सांगायची तेव्हा तिचा आवाज पूर्वीसारखा असायचा, आणि सांगून झालं की पुन्हा मिटायचा. मी मिठागरावर दिवसभर त्या संध्याकाळच्या बातमीची वाट बघायचो. माझं दुःख हलकं होत होतं असं नाही. मला घरी जायची भीती वाटत होती, ती कमी झाली होती.

आईनं एकदा चाळिशी लावून पाहिलं आणि निकाल दिला, समुद्रातली शेवंती. फूल म्हटल्यावर बरणीला घरात मान मिळाला. शेजारणींना आई स्वतः आत आणून दाखवायची, हात लावू द्यायची नाही. एका शेजारणीनं विचारलं, देवाला चालेल का? आई म्हणाली, वास नसलेलं फूल देवाला कशाला?

चेंदणीची जानकीबाय आमच्या आळीत मासळी घेऊन यायची. आमच्या दारावरून ती नाक वर करून जायची, कारण इथं विक्री नाही. तिला मी थांबवलं आणि खिडकीतून बरणी दाखवली. तिनं पाटी उतरवली, गजांना नाक लावून बराच वेळ बघितलं. कालवांवर बसतं हे, लहानपणापासून बघते, म्हणाली. याला म्हणता काय तुम्ही, असं मी विचारलं.

"काय नाय म्हनत," ती म्हणाली. "जे खाता येत नाय न जे डसत नाय, त्याला नाव कोन ठेवतं? तुमी ठेवा. तुमाला येळ हाय."

आत इंदू हसली. मोठ्यानं नाही, पण मी ऐकलं. जानकीबायनंही ऐकलं असावं. जाताना ती गजांतून आत बघून म्हणाली, "बाय, आता उठ गो जराशी." आणि पाटी उचलून गेली.

मग एका दुपारी एक मुंगी बरणीत पडली. संध्याकाळी इंदूनं मला ते इतक्या हळू आवाजात सांगितलं, जणू घरात चोरी झालीय. मुंगी पाण्यात हळूहळू खाली गेली, बोटांना लागली, आणि बोटांनी तिला धरलं. सगळी बोटं आत वळली. बराच वेळ ते मुठीसारखं मिटून राहिलं. उघडलं तेव्हा मुंगी नव्हती. मी म्हटलं, आईला सांगू नकोस. पण आई उंबऱ्यातच उभी होती.

"फूल मुंगी खातं होय रे?" तिनं मला विचारलं. इंदूला नाही.

जे आपणहून शिकार करतं ते आपल्या घरात नको, बरणी उद्या बाहेर गेली पाहिजे, असं तिनं सांगितलं. मी मान हलवली. लहानपणापासून मी आईपुढे मान हलवत आलो होतो. तेव्हा इंदू उशीवरून म्हणाली, "आई, राहू द्या ना. ती कुठं जात नाहीत, काही मागत नाहीत. पडल्या जागी पडून असतात. समोर आलं तर खातात, एवढंच."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग आत गेली. बरणी राहिली. मात्र त्या दिवसापासून आई त्यांना शेवंती म्हणेनाशी झाली. 'ते' म्हणायची.

नाव शोधण्याचा नाद मला त्यानंतर लागला. फूल नव्हे, तर मग काय? मी डॉक्टरांना विचारलं, शाळेतल्या मास्तरांना विचारलं, मिठागराच्या मालकांकडे एक पारशी गृहस्थ यायचे, त्यांना विचारलं. कुणी शेवाळ म्हणालं, कुणी किडा म्हणालं, एकानं सरळ सांगितलं की काच साफ करा. दर नव्या उत्तरासह मी घाईघाईनं घरी यायचो. नाव कळलं की सगळं ठीक होईल, अशी काहीतरी वेडी समजूत माझ्या मनात बसली होती. इंदू ऐकून घ्यायची आणि म्हणायची, नाही, किड्याला पाय असतात. किंवा, शेवाळ मुंगी कशी खाईल?

शेवटी मी गोपाळला बोलावलं. गोपाळ माझा मामेभाऊ, मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. रविवारी तो भिंग घेऊन आला आणि पलंगाशेजारी जमिनीवरच बसला. पहिले प्रश्न त्यानं मला विचारले, पण उत्तरं इंदूच देते आहे हे पाहून तो तिच्याकडे वळला. एकाची दोन कशी होतात, पाहिलंत का? तिनं पाहिलं होतं. एखादं आडवं लांबत जातं, मध्ये कुणी चिमटीत धरल्यासारखं बारीक होतं, दोन्ही टोकं दोन दिशांना ओढ घेतात, आणि मग दोन होतात. दोन्ही बाजूंना काही वेळ उघडी जखम असते, मग ती भरते.

"वहिनी," गोपाळ म्हणाला, "आमच्या पोरांना भिंगातूनसुद्धा एवढं दिसत नाही."

ती संकोचली. दिवसभर दुसरं काय असतं, म्हणाली.

हा प्राणीच, असं गोपाळनं सांगितलं. नळीसारखा देह, वर एकच तोंड, भोवती बोटांचं कडं. अशा देहाला पॉलिप म्हणतात. ज्यांच्यापासून पोवळं बनतं तेही याच गोतातले. हे बहुधा समुद्रफुलाच्या जातीचं. त्यानं बोटं मोजून पाहिली, रेघा पाहिल्या, पुन्हा भिंग लावलं आणि डोकं हलवलं. अशी दिसणारी पुष्कळ आहेत. नक्की कोणतं हे असं वरून नाही कळायचं. एक स्पिरिटमध्ये घालून न्यावं लागेल, काप काढून बघावे लागतील.

मी लगेच हो म्हणालो. गोपाळनं बाटली आणली नव्हती, पुढच्या खेपेला आणतो म्हणाला. इंदू काही बोलली नाही. मला वाटलं, तिची ना नाही.

माघ लागला. मिठागरावर कोरडा वारा सुटला, शेवटच्या खणांवर पांढरी साय धरू लागली. आमच्या कामाचे ते आनंदाचे दिवस. आणि घरात बरणीतले जीव एकेक करून मिटले. उन्हाची तिरीप नव्हती, धक्का नव्हता. सकाळी मिटलेले, संध्याकाळी मिटलेले. वाळल्या वाटाण्यांसारखे दगडाला चिकटून बसले. इंदूच्या बातम्या थांबल्या. ती पुन्हा उताणी पडू लागली.

मी पाण्याला दोष दिला. उघाडीवर जाऊन ताजं, भरतीचं पाणी आणलं आणि बरणी काठोकाठ भरली. बरणीतलं पाणी कमी झालं की मी असंच करत आलो होतो, खाडीचं पाणी आणायचं आणि भर घालायची. मोठ्या काळजीनं करत होतो. मिटलेले उघडले नाहीत, तेव्हा अजून ताजं आणलं.

त्या सायंकाळी मी बरणीपाशी हताश बसलो होतो. इंदू कुशीवर वळली. बरणीच्या तोंडाशी पांढरी रेघ उमटली होती, ती तिनं पाहिली. तिनं हात लांब करून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अहो, हे लोणच्याचं पाणी झालंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मिठागरावर नोकरी करता ना तुम्ही?"

पाणी उडून जातं, खार मागे राहतो. उडालेलं पाणी गोडं, आणि मी त्याच्या जागी दर वेळी खारं ओतत होतो. जे हजार हातांनी खाडीवर करायचं ते मी एकट्यानं तिच्या उशाशी केलं होतं. पलंगाजवळ मिठागर मांडलं होतं. त्या धंद्यात ज्याचं पोट भरतं, त्यालाच ही चूक शोभते.

इंदू उठली. पलंगाच्या काठावर बसली, पाय खाली सोडले, भिंतीला धरून उभी राहिली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. एकेक पाऊल टाकत ती स्वयंपाकघरात गेली आणि माठातून तांब्याभर पाणी घेऊन आली. ती ओतणार एवढ्यात आई आली. आईच्या हातात तिच्या पूजेची पळी होती. त्या पळीला घरात दुसऱ्या कुणी हात लावत नसे.

"तांब्यानं नको घालूस," आई म्हणाली. "दचकतील. हिनं घाल, थोडं थोडं."

इंदूनं पळी घेतली. एक पळी घालायची, थांबायचं, बघायचं. आई शेजारी भिंतीला टेकून बसली. बऱ्याच वेळानं, बरणीकडेच बघत, ती म्हणाली, "माझ्याही दोघी बारशाआधीच गेल्या. ह्याच्या आधीच्या."

ह्याच्या म्हणजे माझ्या. मला आणखी दोन बहिणी होत्या हे मला त्या दिवशी, वयाच्या पस्तिशीत कळलं. इंदूनं विचारलं, "तुम्ही मनात काही नाव ठेवलं होतं का?"

"विचारणार कोण होतं?" आई म्हणाली. ठेवलं होतं की नव्हतं, हे तिनं सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. थोड्या वेळानं ती उठून दिवा लावायला गेली. त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ दोन शब्द बोलायला हवे होते. मी बोललो नाही. पुढं ती वारली. आता वाटतं, मी बोललो नाही असे दिवस मोजायला बसलो, तर हातांची बोटं पुरणार नाहीत.

रोज थोड्या पळ्या पडत गेल्या. आणि एका सकाळी इंदूनं मला खांद्याला हात लावून उठवलं. दगडावरचं एक, सर्वांत जुनं, अर्धं उघडलं होतं. मग इतर उघडली. काही उघडली नाहीत, ती गळून पडली, इंदूनं ती पळीनंच काढून तुळशीच्या मुळाशी घातली. त्यानंतर ती पलंगावर फक्त निजायला जाऊ लागली.

होळीच्या सुमाराला गोपाळ स्पिरिटची बाटली घेऊन आला. इंदूनं पोहे केले. खाऊन झाल्यावर त्यानं चिमटा काढला, दगडावर नजर फिरवली आणि अगदी सहज म्हणाला, "एक नेलं तर काय बिघडतंय वहिनी, इतकी आहेत. आणखी होतील."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण आणखी होतील, हे शब्द त्या घरात त्या हिवाळ्यात किती जणांनी उच्चारले होते, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. मी जमिनीकडे बघत होतो.

"नाव कळलं म्हणजे काय होईल, भाऊजी?" इंदूनं विचारलं.

"होईल काय? कळेल आपल्याला."

"मेल्यावर."

"हो, तसंच करावं लागतं ते."

"मग नको," ती म्हणाली. "नाव नसलं तरी आहेत ती."

गोपाळ शहाणा होता. त्यानं चिमटा पिशवीत ठेवला, आणखी चहा मागितला आणि दुसऱ्या गोष्टी काढल्या. मी त्याला वेशीपर्यंत सोडून आलो. परत आलो तेव्हा इंदू बरणीपाशी उभी होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तुम्ही तिचं नाव काय ठेवलं असतं?"

त्या सबंध काळात आमच्यात मुलीविषयी 'ती' हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. तिनं एक दार उघडून धरलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. कुठलंही नाव चाललं असतं. आणि मी म्हणालो, "नाव आत्यानं ठेवायचं असतं."

रीत म्हणून ते खरंच होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे. "बरं," म्हणाली आणि रिकाम्या बशा उचलून आत गेली.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. काचेतल्या त्या मुगाएवढ्या जिवाचं नाव विचारत मी कोळिणीपासून प्रोफेसरापर्यंत गेलो होतो. रस्त्यात गाठून विचारत होतो. आणि स्वतःच्या मुलीसाठी मी एक नावसुद्धा मनात आणून बघितलं नव्हतं. आणलं नव्हतं म्हणूनच मला उत्तर देता आलं नाही, रीत आडवी आली म्हणून नव्हे. मी दुष्ट नव्हतो. पण ज्यात आपण हरलो तिकडे पाठ करून, ज्यात हरलो तरी चालेल असं काहीतरी हाती घ्यायचं आणि त्यात फार मेहनत करायची, ही माझी जुनी सवय. कामावरही हेच, घरातही हेच.

चैत्रात उकाडा वाढला, बरणीतलं पाणी दुपारी कोमट होऊ लागलं. इंदूच म्हणाली, आता त्यांना घरी पोचवू. भरतीच्या वेळी आम्ही दोघं उघाडीवर गेलो. तिनं पातळ सावरून दगडी पायरीवर बसून तो दगड स्वतःच्या हातानं पाण्यात ठेवला. पाणी गढूळ होतं, हात बाहेर आला तेव्हा काही दिसत नव्हतं. येताना ती चालत आली, वाटेत कुठं थांबली नाही.

दोन वर्षांनी सुधीर झाला. त्याचं बारसं झालं, माझ्या बहिणीनं त्याच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. इंदू सगळ्यांकडे बघून हसत होती. मी नारळ फोडायच्या निमित्तानं बाहेर गेलो तो पंगत बसेपर्यंत आत आलो नाही. पुढं मिठागरावरची नोकरी सुटली, एका कारखान्याच्या कचेरीत लागलो, डोंबिवलीला बिऱ्हाड केलं. गोपाळनं एकदा समुद्रातल्या जीवांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक माझ्यापुढं उघडलं. दोन-तीन चित्रं अगदी तशीच वाटली. हिरवट देठ, नारिंगी रेघा. त्यातलं नेमकं कोणतं, हे इंदूनं एका नजरेत सांगितलं असतं. पुस्तक मी घरी मागून नेलं नाही.

ह्या वर्षी नवं मीठ आलं, आणि दोनच दिवसांनी कोपरला ओळखीच्यांकडे बारसं निघालं. मुलगी होती, गोरी, सगळा वेळ झोपलेली. परत येताना ऊन कलत होतं. शेतांमधून पायवाट आहे, भात कापून गेल्यावर उरलेली खुंटं दोन्ही बाजूंना. सुधीर मित्रांबरोबर केव्हाच पुढं पळाला होता. इंदू माझ्या दोन पावलं पुढं, ओटीतला नारळ पदरात सांभाळत चालली होती. तिच्या पाठीकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी वत्सला ठेवलं असतं."

ती थांबली. कुणाचं, हे तिला विचारावं लागलं नाही. वळून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या मनात आलं, उशीर झाला, फार उशीर झाला, आता हे बोलायला नको होतं.

"वत्सला?" ती म्हणाली. "अहो, त्या पोरीनं जन्मभर तुम्हाला माफ केलं नसतं."

आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून, वाटेच्या मधोमध उभी राहून ती हसली, आणि मग मीही. हसताना माझे डोळे भरून आले. आता ती दहाची झाली असती. दहा वर्षांची, नाक मुरडणारी, शाळेत बाईंनी हजेरी घेतली की नावापायी लाजणारी मुलगी. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही मोठी होऊ दिलं नव्हतं. इंदूनं बहुधा दरवर्षी होऊ दिलं असावं.

तू काय ठेवलं असतंस, असं मी विचारलं.

"असतं काय? ठेवलंय," ती म्हणाली.

मग तिनं ते नाव घेतलं. मला सांगितलं असं नाही. माझ्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे बघत, रेंगाळलेल्या मुलीला आई जरा रागावून हाक मारते, तशी तिनं हाक मारली. आणि कोण मागं राहिलं, ते बघायला मी वळलो.